न विचारता बाद नाही

कापसाला सोन्याचा भाव आला तसे अमरावतीत गोरे व्यापारी आले आणि बाजारामागे क्रिकेट खेळू लागले. एके दिवशी एका साहेबाच्या बॅटला चेंडू चाटून गेला, मागच्या गड्याने तो झेलला. बघत बसलेल्या दलाल खुशालरावांनाही टक् आवाज ऐकू आला. साहेब मात्र हलला नाही.

"हा बाद काहून नाही?" त्यांनी साहेबांच्या दुभाष्याला विचारलं.

"पंचाले कोनी इचारलंच नाही. न इचारता तो बाद देत नाही."

"साहेबाले सोताले ठाऊक असलं तरी?"

"तरी बी."

दुसऱ्या दिवशी त्याच साहेबाने खुशालरावांकडून घेतलेला बोरा उसवला. आत वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस निघाला.

"तुले ठाऊक होतं?" साहेबाचा संताप दुभाष्याने पोचवला.

"होतं ना," खुशालराव म्हणाले. "पन सौद्याआधी साहेबानं इचारलं कुठं?"