केव्हॉनकडे चेंडू का फेकत नाहीत

मोझेस बेंड गावात त्या ऑक्टोबरात दोनच पक्ष उरले होते, आणि मतदानाशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक पक्ष म्हणत होता, केव्हॉनकडे चेंडू फेकायलाच हवा. दुसरा म्हणत होता, कोचला जे कळतं ते आपल्याला कळत नाही, गप्प बसा. न्हाव्याच्या दुकानात हेच, कापसाच्या जिनवर हेच, तळ्यात माशांचं जाळं ओढतानाही हेच. पहिल्या पक्षाची पुढारी होती केव्हॉनची आजी, व्हर्लीन पेटिस, आणि तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

इथल्या फुटबॉलचं नाव तेवढं पायाचं, कमाई सगळी हातांची. एक पोरगा लांबुळका चेंडू हवेत भिरकावतो आणि दुसरा जीव खाऊन पळत जाऊन तो झेलतो, अंगावर धावून येणाऱ्या रेड्यांकडे न बघता. केव्हॉन हा झेलणारा. अंगाने काठी, पण पंजे असे की चेंडू संध्याकाळी गोठ्यात परतणाऱ्या वासरासारखा आपसूक त्याच्याकडे यायचा.

ते हात आपण घडवले असं व्हर्लीन सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोराची आई मेम्फिसला गोदामात रात्रपाळी करायची, पोर आजीपाशीच वाढलं. आणि व्हर्लीनला कुणाच्या हातात वस्तू नेऊन द्यायची सवय नव्हती. गुडघे दुखायचे आणि थोडा माजही होता. शेगडीपाशी उभी राहून ती फेकायची. साबण, मोज्यांची गुंडाळी, कांदा, रताळं. "घे" म्हणायची तेही फेकून झाल्यावर. पोर नीट चालायच्या आधी झेलायला शिकलं. एकदा तिने अंडं फेकलं होतं, त्याने तेही फुटू दिलं नाही.

मग गेल्या हंगामाच्या अखेरीला एक चेंडू जरा उंच गेला. केव्हॉन दोन्ही हात वर करून उडाला, कूस उघडी पडली, आणि समोरच्या संघाचं एक दांडगं पोरगं मान खाली घालून तिथंच घुसलं. बरगड्या मोडल्या. एकीचं टोक फुप्फुसात गेलं. मैदानात हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा सगळं गाव उभं राहून रडत होतं, आणि व्हर्लीन मांडीवर पर्स घेऊन आपल्या जागी ताठ बसून होती. पुढे कित्येक महिने गाव तेच बोलत होतं. बाई आहे की लोखंड!

या ऑगस्टमध्ये डॉक्टरने सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे, खेळू द्या. कोच टार्व्हरने त्याला खेळवलंही, पण ते कसलं खेळवणं? केव्हॉन उतरायचा, कडेकडेने वाऱ्यासारखा पळायचा. त्याचं नाव साऱ्या जिल्ह्याला ठाऊक, म्हणून समोरचे दोन-दोन गडी त्याच्या मागे धावायचे, आणि तेवढ्यात चेंडू मोकळ्या राहिलेल्या दुसऱ्याच पोराकडे जायचा. संघ जिंकत होता. केव्हॉनच्या हाताला मात्र चेंडू लागला नव्हता.

"माझ्या नातवाचं बुजगावणं केलंय मेल्यानं," व्हर्लीन चारचौघांत म्हणायची. "पाखरं हुसकायला हा उभा, आणि दाणा दुसऱ्याच्या पदरात."

कोच मार्कस टार्व्हर लहानपणी रविवारच्या शाळेत तिच्याच हातून कान पिळून घेतलेला. त्यामुळे त्याला शिक्षा द्यायचा आपला हक्क आहे असं ती धरून चालायची. सामन्याच्या आदल्या दिवशी, दर गुरुवारी, चर्चच्या हॉलमध्ये संघाला आणि गावाला जेवण असे. स्वयंपाक व्हर्लीनच्या हाती. तळलेला कॅटफिश, त्याच्याबरोबर स्पगेटी, शिजवलेली पालेभाजी आणि शेवटी तिचा लिंबाचा केक, ज्यासाठी माणसं चर्च बदलून आली होती. महिनाभर कोचच्या ताटात केक पडला नव्हता. तो मागत नव्हता, आणि ती देत नव्हती.

त्या गुरुवारी तिने ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. जेवणं सुरू व्हायच्या आधीच तिने कोचला आत बोलावणं धाडलं. तो टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. ती मक्याच्या पिठात मासे घोळवत होती.

"मार्कस, माझ्या पोरानं तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही, मिस व्हर्लीन." वयानं मोठ्या बाईला इथं लग्नानंतरही मानानं 'मिस'च म्हणत.

"मग डॉक्टरपेक्षा तू शहाणा?"

"नाही, मिस व्हर्लीन."

मग तिने तोंडाचा पट्टा सोडला. त्याची अक्कल काढली, त्याच्या बापाची काढली, तो रविवारच्या शाळेत पाठांतराच्या वेळी ओली करायचा ती चड्डीही काढली. शिष्यवृत्तीसाठी खेळाडू हेरायला कॉलेजवाले येतील ते काय बघणार, पोरगा नुसता पळतो हे? पळायला कुत्रीही पळतात. कोच सगळं ऐकून घेत होता. मैदानावर हाच माणूस ओरडला की बांधापलीकडच्या गाई उठून उभ्या राहायच्या, आणि इथं त्याने मूग गिळले होते. त्याने ती आणखीच पेटली.

तेवढ्यात केव्हॉन मागच्या दाराने बर्फाची पिशवी घेऊन आत आला. आजीचा आवाज त्याने बाहेरूनच ऐकला असणार. पिशवी सिंकमध्ये ठेवून तो हळूच म्हणाला, "बिग मा, जाऊ दे ना."

"तू मधे बोलू नकोस. मार्कस, तू हे हात विसरलास वाटतं. हे बघ."

तिने टोपलीतला कांदा उचलला आणि फेकला. जोरात नाही. आयुष्यभर फेकत आली तसाच.

केव्हॉनचे डोळे मिटले. हात कांद्याकडे गेले नाहीत, बरगड्यांवर गेले. कोपरं पोटात, खांदा भिंतीकडे, मान आत. कांदा त्याच्या दंडाला लागून पडला आणि घरंगळत फ्रिजखाली गेला.

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. कुणाच्या अंगावरचं वस्त्र सरकलं की भला माणूस नजर दुसरीकडे नेतो, तसा कोच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. ते व्हर्लीनच्या नजरेतून सुटलं नाही. पोराला दचकलेलं बघून कोच दचकला नव्हता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

उत्तर केव्हॉनने दिलं, जमिनीकडे बघत. "मीच सांगितलं त्यांना. सराव सुरू झाला तेव्हाच. पळायला मला काही होत नाही, बिग मा. पण चेंडू हवेत दिसला की डोळे मिटतात. मी मिटत नाही. ते मिटतात." पुढे म्हणाला, "कोच म्हणाले, तू नुसता पळ, संघाला त्याचाही उपयोग आहे, बाकी लोकांचं मी बघतो. मीच म्हटलं, कुणाला कळू देऊ नका. तुला तर नाहीच."

"मला का नाही?"

"आपल्या घरात कुणी घाबरत नाही ना."

व्हर्लीनने गॅस बंद केला. कोपऱ्यातलं दुधाचं रिकामं क्रेट पालथं करून ती त्याच्यावर बसली. तिला सगळं समोर दिसत होतं. हा माणूस महिनाभर गावाच्या शिव्या खात होता, आणि त्यातल्या सगळ्यात तिखट तिच्या. एका पोराची झाकली मूठ तशीच राहावी म्हणून. आणि पोरगा ती मूठ कुणापासून झाकत होता, तर तिच्यापासून.

"मार्कस, बाहेर जाऊन जेव."

"हो, मिस व्हर्लीन."

"आणि केक घे." तो दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "दोन घे."

दार लोटलं गेलं. केव्हॉन अजून भिंतीला टेकून उभा होता.

"त्या दिवशी मैदानात तू पडला होतास," ती म्हणाली, "आणि मी खाली आले नाही. का, माहितीय?"

"तू खंबीर आहेस म्हणून. सगळे म्हणतात."

"सगळे गाढव आहेत. मी उठायला गेले तर मला पायच नव्हते. कमरेखाली कुणी माझं अंगच काढून नेल्यासारखं झालं होतं. तुला घेऊन गेले, आणि मी तिथं ताठ बसलेली, कारण वाकले असते तर कोसळले असते. लोकांना वाटलं, काय बाई आहे. मी वाटू दिलं."

केव्हॉनने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. मग तो येऊन तिच्या पायाशी फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर त्याने डोकं टेकलं. तिचे हात पिठाने बरबटलेले. तिने मनगटं त्याच्या केसांवर ठेवली, बोटं वर उचलून.

"आणि डोळे परत उघडलेच नाहीत तर?" त्याने विचारलं.

"तर जगात झेलण्यासारखं चेंडू सोडून पुष्कळ आहे. ऊठ, स्पगेटीचा ट्रे घे. माणसं खोळंबलीत."

पण हॉलमध्ये माणसं जेवणासाठी खोळंबली नव्हती. कोच केकचे दोन तुकडे घेऊन बसलेला सगळ्यांनी बघितला होता, आणि त्याचा अर्थ एकच निघत होता. व्हर्लीन माशांचं ताट घेऊन बाहेर आली तशी कुजबुज थांबली. दुसऱ्या पक्षाची पुढारी, चर्चच्या नात्याने 'सिस्टर' म्हणवणारी ओडेसा ग्रेव्ह्ज, ताट पुढे धरून उभी होती. दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या आणि तीस वर्षं एकमेकींच्या टोप्यांना नावं ठेवत आल्या होत्या.

"मग काय, व्हर्लीन? वाकवलंस त्याला? उद्या फेकणार चेंडू?"

माशांचं ताट टेबलावर ठेवता ठेवता व्हर्लीनने हिशेब केला. कोचचा निर्णय आहे म्हणावं, तर उद्यापासून मार्कसच्या मागे पुन्हा तेच शुक्लकाष्ठ. खरं सांगावं, तर पोराला गावात मान वर करता येणार नाही. जिनवरची माणसं त्याला बघून डोळे मिटून दाखवतील, ती ओळखून होती या गावाला. तिसरी वाट एकच होती, आणि ती तिच्या स्वतःच्या नाकावरून जात होती.

"नाही फेकणार," ती म्हणाली. "मीच नको म्हणून सांगितलंय त्याला."

"आत्ता?"

"पहिल्यापासून."

हॉलमध्ये कुणाचा तरी चमचा पडला. कोचने केकचा घास तसाच धरून ठेवला. ओडेसाने ताट खाली केलं. "अगं, मग महिनाभर त्या बिचाऱ्याच्या नावानं कंठशोष कोण करत होतं?"

"मीच."

"आणि ते का?"

व्हर्लीनला आयुष्यात बरंच काही बोलता आलं होतं. नवरा गेला तेव्हा सावकाराला, पाळकाला, एकदा तर जिल्ह्याच्या न्यायाधीशालाही. पण पुढचं वाक्य तिने चारचौघांत कधी म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात केव्हॉन ट्रे घेऊन उभा होता.

"कारण मी घाबरले," ती म्हणाली. "आणि ते सांगायची लाज वाटली, म्हणून त्याच्या माथी मारलं. पोर तयार आहे. मी तयार नाही."

न्हावी मोठ्यानं हसला. म्हणाला, लोखंडाला शेवटी गंज चढला म्हणायचा. मागून आणखी दोघं-तिघं हसली. कुणी म्हणालं, म्हातारीच्या भीतीपायी पोराचं कॉलेज बुडणार. व्हर्लीन ताठ उभी राहून सगळं ऐकत होती, पण चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

ओडेसा हसली नाही. तिने व्हर्लीनकडे जरा वेळ निरखून बघितलं, मग दारातल्या केव्हॉनकडे, मग परत व्हर्लीनकडे. काय समजायचं ते समजली असावी. ताट पुन्हा पुढे धरून म्हणाली, "मासा गार होतोय. वाढ. आणि शेपटीकडचा नको, दर वेळी मला शेपूट देतेस."

केव्हॉन आजीच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि स्पगेटी वाढायला लागला. रांग संपेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. त्याचा खांदा मात्र तिच्या खांद्याला लागून होता, जागा भरपूर असूनही.

शुक्रवारी दिवे लागले. केव्हॉन मैदानात उतरला, कडेने सुसाट सुटला, समोरचे दोन गडी त्याच्या मागे लागले, आणि चेंडू भलत्याच पोराकडे गेला. गुण मिळाले. गावाने टाळ्या वाजवल्या आणि वाजवून झाल्यावर कोचला शिव्या द्यायच्या सोडून मागे वळून व्हर्लीनकडे बघितलं. हे आता रोजचंच होणार होतं. परत येताना केव्हॉनने मान वर करून बाकांवर तिला शोधलं. तिने हात हलवला नाही, तिची ती रीत नव्हती. पर्स तेवढी मांडीवरून उचलून शेजारी ठेवली, आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. त्याला दिसेल अशी.

मागच्या रांगेत उकडलेल्या शेंगा सोलणारा एक माणूस म्हणाला, "मिस व्हर्लीन, बसा हो, दिसत नाही. आणि सोडा की आता त्या पोराला. किती दिवस घाबरणार?"

"माझं पोर, माझी भीती," व्हर्लीन वळूनही न बघता म्हणाली. "लागतील तेवढे दिवस घाबरेन. तू तुझ्या शेंगा खा."