मसुरीएवढा मंगळ

गवराबाईनं लेकीसाठी नवरा आणून चुलीशेजारी फडक्याखाली झाकून ठेवला होता. नवरा मातीचा होता. चांगलं भाजलेलं, टिचकी मारली की टणटण वाजणारं नवंकोरं मडकं.

शालनला मंगळ आहे, असं जोश्यानं सांगितल्यापासून पाच स्थळं परत गेली होती. सहावं, महाळुंग्याचं, एका अटीवर तयार होतं. पोरीचं पहिलं लग्न मडक्याशी लावायचं, मडकं फोडायचं आणि मग मुलाशी. मंगळाची इडापीडा मडक्यावर जाणार आणि मुलगा सुखरूप राहणार. मुलाचे मामा हिंदुराव मंगळवारी तिथी ठरवायला थेरगावला येणार होते.

"मडक्याशी म्या लगीन लावणार न्हाई," शालन म्हणाली.

"मग जलमभर बाटल्याच धुत बस," गवराबाई म्हणाली.

शालन तेवीस वर्षांची. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात ती बाटल्या धुवायला जायची आणि बापामागं घर तिच्याच पगारावर चालायचं. गवराबाईनं आपल्या परीनं मंगळाची मनधरणी चालवली होती. आठ वर्षं दर मंगळवारी मायलेकींचा उपास आणि देवळात मापटंभर मसूरडाळ दान. मंगळाचं धान्य म्हणून घरात मसूर शिजलीच नव्हती. तरी हे महाशय हलायला तयार नव्हते.

आदल्या मंगळवारी शालन कामावरून आली ती डोक्यावर लांबलचक नळकांडं घेऊन. वाटेत लोकांनी विचारलं, "तोफ आणली का गं?" ती दुर्बीण होती, आणि तीही वाचनालयातून आणलेली.

चिंचवडला एक घड्याळजी, दोन मास्तर आणि चार फिटर मिळून आकाश बघायचं मंडळ चालवत. वेधशाळा बांधायची हौस दांडगी, पण खिशात दमडी नाही. मग त्यांनी सहा-सहा महिने काचा हातानं घासून आरसे केले, ते पत्र्याच्या नळीत बसवले, खाली बाभळीचे तीन पाय लावले आणि अशा तीन दुर्बिणी तीन वाचनालयांना देऊन टाकल्या; त्यातलं एक थेरगावचं. पुस्तकासारखी घरी न्यायची, आठ दिवसांनी परत करायची. गावातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली, आणि शालननं ती मागितली तेव्हा तर बाईमाणसाला दुर्बीण कशाला, म्हणून गिल्ला केला. ग्रंथपाल दत्तोबा एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी चिडला. "आभाळ काय कुणाच्या सात-बाऱ्यावर चढलंय?" म्हणत त्यानं पुस्तकांचंच कार्ड काढलं. वर छापलं होतं, 'पाने दुमडू नयेत.' खाली त्यानं शालनचं नाव लिहून शिक्का हाणला.

"मंगळ ह्या महिन्यात लई जवळ आलाय, पोरी," तो म्हणाला. "पुन्हा एवढा जवळ यायला पंधरा वर्षं लागतील. बघून घे."

पण भादव्याचं आभाळ. सहा संध्याकाळी ढगांनी खाल्ल्या. गवराबाईला मनातून बरंच वाटत होतं. ज्याच्या नावानं पोटाला चिमटे घेतले, त्याच्याकडं नळीतून टक लावायची, हा तिला आगाऊपणा वाटत होता. सोमवारी, शेवटच्या संध्याकाळी, दिवेलागणीला आभाळ स्वच्छ झालं. शालननं अंगणात दुर्बीण मांडली, खूप वेळ नळी इकडंतिकडं केली आणि मग आईचा हात धरून तिला पुढं ओढलं.

गवराबाईला आधी अंधारच दिसला. मग तांबूस, गोल, जरासं थरथरणारं काहीतरी.

"ह्यो?"

"ह्योच."

"एवढासा? मसुरीच्या डाळीवानी हाय की."

बघता बघता तो कडेला सरकून दिसेनासा झाला. "पळाला," गवराबाई म्हणाली.

"त्यो न्हाई पळत, आये. आपली जमीन फिरतीया." शालननं नळी किंचित ढकलली आणि तो पुन्हा सापडला.

गवराबाई डोळा काढेना. तिला राग येत होता. एवढा लांबचा, आपल्या वाटेनं चाललेला हा ठिपका. याला थेरगाव तरी माहीत आहे का? यानं उपास मागितला नव्हता, डाळ मागितली नव्हती, मडकंही मागितलं नव्हतं. मागणारी सगळी माणसं होती आणि गवराबाई मुकाट्यानं देत आली होती.

दुसऱ्या दिवशी शालन कामावर गेल्यावर हिंदुराव आले. घोंगडीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं. गवराबाईनं तांब्या भरून दिला, तो त्यांनी घटाघटा रिकामा केला.

"पानी गार हाय. नवं मडकं दिसतंय."

"तुमी सांगितलेलंच. लग्नाचं."

हिंदुरावांचा हात तांब्यासकट तसाच राहिला. "त्यातलं पानी पाजलं मला?"

"आता ते पान्याचंच हाय. माझ्या लेकीचं लगीन मडक्याशी लागणार न्हाई. पोरगी हाय तशी पायजे असंल तर बोला. मसूर शिजवलीया, जेवून जावा."

"आज मंगळवार हाय, गवराबाई."

"ठाव हाय."

हिंदुराव उठले. "अशानं पोरीला कुणी पदरात घेणार न्हाई."

"ती काय रस्त्यात पडलीया, कुणी उचलून पदरात घ्यायला?"

ते गेल्यावर तिनं पोटभर मसूर-भात खाल्ला. पोरीचं सहावं स्थळ आपण घालवलं, हे तिला कळत होतं, पण घास मात्र घशाखाली नीट उतरत होता. मग दुर्बीण डोक्यावर घेऊन ती भर दुपारी गावातून वाचनालयात गेली. दत्तोबा कार्डावर 'परत' लिहायला लागला.

"लिवा," ती म्हणाली, "आन् पुन्हा द्या. आता माझ्या नावावर."

"बघितलात न्हवं मंगळ? आता कशाला?"

"गावात आनखी दोन पोरींना मंगळ हाय. त्यांच्या आयांना दाखवायचाय."

दत्तोबानं नवं कार्ड काढलं आणि शाईची डबी तिच्याकडं सरकवली. गवराबाईनं अंगठा दाबून उठवला.