चूक सांगा, मिरची घ्या
मला सहा भाषा येतात असं मलकापुरात सगळे म्हणत, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. संस्कृत तर हायस्कुलात शिकवतच होतो. इंग्रजी, हिंदी, गुजराती आणि बंगाली पुस्तकांवरून केल्या होत्या. सहावी तेलुगू, आणि तिच्यामागे मी लागलो ते हौसेनं नव्हे.

आमचा मुलगा रमाकांत सिकंदराबादेला रेल्वेत लागला आणि वरंगळकडच्या एका मुलीशी लग्न ठरवून बसला. मी भयंकर संतापलो. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं कळवलं आणि लग्नाला गेलोच नाही. बायकोला, शरयूलाही जाऊ दिलं नाही. ही गोष्ट साठ सालची. पुढं राग ओसरला, पण पत्र लिहायला हात धजेना. मग रमाकांतला न कळवता तेलुगूचं पुस्तक मागवलं. सुनेशी तिच्या भाषेत चार वाक्यं निर्दोष बोललो की सगळं आपोआप मिटेल, अशी माझी भाबडी समजूत.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात रमाकांतला भुसावळला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग निघालं. तेव्हा तो बायकोला, वरलक्ष्मीला, आमच्याकडे सोडून गेला. जाताना दारात म्हणाला, "दादा, मला भुसावळला बदली मिळू शकते. हिचा इथं जीव रमला तर घेतो, नाही तर राहू दे." एकुलता एक मुलगा जवळ येणार की कायमचा लांब राहणार, हे आता त्या पंधरा दिवसांवर होतं.

पहिल्याच संध्याकाळी मी माझी वाक्यं काढली. प्रवास ठीक झाला का, विचारलं. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "अवुनु." म्हणजे हो. भाकरी आवडते का? अवुनु. इथं बरं वाटतं ना? अवुनु. मी शरयूकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. रमाकांत घरी बायकोशी तेलुगूतच बोलायचा, त्यामुळे सुनेला मराठी येत नव्हतं; शरयू बिचारी तिच्याशी हातवारे करून बोलत होती, आणि मला तिची कीव येत होती.

आमच्या गल्लीत जवळच्या वडनेर भोलजी गावची झुंबरबाई भाजीचं टोपलं घेऊन यायची. अक्षरशत्रू बाई, पण जिनिंगवाल्यांच्या घरी गुजराती, पेढीवर मारवाडी, सिंधी बायकांशी सिंधी आणि रेल्वे क्वार्टर्समधल्या आंध्रातल्या बायकांशी तेलुगू बोलायची. बोलायची म्हणजे भाषेचे हाल करायची. तिची एक रीत होती. गिऱ्हाइकानं तिची चूक दाखवली की ती भाजीवर एक हिरवी मिरची जास्त टाकायची. बायका तिला मुद्दाम बोलतं करत आणि मूठभर मिरच्या घेऊन घरात जात. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा.

सहाव्या दिवशी शाळेतून आलो, तर ओट्यावर झुंबरबाई आणि वरलक्ष्मी समोरासमोर बसलेल्या. सून चक्क हसत होती. मला पाहताच ती पदर ओढून आत पळाली. झुंबरबाईनं मला तिथंच थांबवलं.

"मास्तर, पोरगी सहा दिसापासून अर्ध्या पोटी उठून राह्यली. तिच्या गयाखाली भाकर उतरत नाई. भात अन् चिंचेचं सार पायजे तिले."

मी म्हणालो की भाकरी आवडते असं तिनंच मला सांगितलं. शिवाय तुझी तेलुगू इतकी वाईट आहे की तुला काही भलतंच समजलं असेल.

"वाईट हाय म्हनूनच तं ते बोलली," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "मी चुकली का ते हासते, मंग सांगते. अशीच तं शिकली मी सगळ्यायपाशी. तुमची चूक काढाची कोनाची छाती हाय?"

ती टोपलं उचलून निघून गेली. मी मात्र ओट्यावर बसून राहिलो. सव्वीस वर्षं शिकवतोय, पण इतक्या वर्षांत कुणीही मला चुकलात म्हटलं नव्हतं. विद्यार्थी म्हणणार नाहीत, बायकोनं कधी म्हटलं नाही, आणि सासऱ्याच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही हे तर सुना माहेरूनच शिकून येतात. मी बरोबर होतो म्हणून नव्हे, तर मी मोठा होतो म्हणून सगळे गप्प होते. मला माझीच लाज वाटली.

रात्रीच्या जेवणाला शरयूनं भात आणि सार केलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेतला आणि वरलक्ष्मीला सांगितलं की माझी चूक दाखवल्याशिवाय मी घास घेणार नाही. ती घाबरून शरयूकडे बघू लागली. शरयू मात्र खुशीत आली. तिनं खुणेनंच सुनेला हुकूम सोडला, की सांग, सोडू नकोस. मी एक वाक्य बोललो. अगदी खालच्या आवाजात तिनं ते दुरुस्त केलं. पुढचंही केलं. माझं जवळपास प्रत्येक वाक्य चुकत होतं. त्या दिवशी ती दोनदा भात घेऊन जेवली.

त्यानंतर ती मला मध्येच अडवू लागली. मी चिडायचो, पुस्तक दाखवायचो. ती मान हलवून म्हणायची की असं कुणी बोलत नाही. शरयूला तर हे रोजचं करमणुकीचं साधनच झालं.

रमाकांत यायच्या आदल्या दुपारी मी तिला म्हणालो, हे घर तुझंच आहे. या वाक्यात काही चूक निघाली नाही. ती निवडत असलेले तांदूळ तसेच राहिले. मग मला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत ती म्हणाली, "तुमचं पत्र आलं होतं, तरी लग्नात मुहूर्त टळत येईपर्यंत माझे वडील मांडवाच्या दाराशी उभे होते. व्याह्यांच्या गाडीला उशीर झाला असेल, थोडं थांबू, असं सगळ्यांना सांगत होते."

त्यातला एकही शब्द मला अडला नाही. पेपरांची सबब मला सहाही भाषांत सांगता आली असती. मी मराठीतच म्हणालो, "चुकलं माझं." डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

थोड्या वेळानं मी विचारलं, भुसावळला याल ना राहायला? ती म्हणाली, "आधी तुम्ही आमच्याकडे, वरंगळला या."

रमाकांत आला तेव्हा बदलीचा विषय मी काढलाच नाही. शरयूची आणि माझी वरंगळची तिकिटं काढ म्हणालो. व्याह्यांशी काय बोलायचं, याची एका वाक्याचीही तयारी न करता मी गाडीत बसलो.