माउस ज्याच्या हाती

यंत्र विभागातल्या तरुण सरांनी संगणकावरचा खेळ तयार केला, तेव्हा विभागप्रमुखांना फार आनंद झाला. निदान सूचना फलकावर तसं लिहिलं होतं. पुस्तकातला पंप मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता. खेळात मात्र पडद्यावर पुराचं पाणी चढे, सखल भागातली घरं एकेक करून बुडत आणि पंपघर वेळेत चालू करून ती वाचवायची असत. बुडाली तर पुन्हा सुरुवात. हवं तितक्या वेळा बुडवा, सगळ्यांत चांगले गुण तेवढे धरले जातील. सत्राअखेरीस पहिल्या चौघांना पंपांच्या कारखान्यात शिकायला पाठवणार होते.

संगणक थोडे, म्हणून एकावर चौघांचा गट. गुण मात्र ज्याच्या नावाने खेळ उघडला त्याला. सगळ्यांनी आळीपाळीने बसावं, असं सरांनी तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेल्या गोष्टींचं जे होतं, ते झालं.

एका गटात तीन मुलगे आणि ताई. ती कुणाहून मोठी नव्हती. पण ताई म्हटलं की लिहून पूर्ण केलेली प्रयोगवही मिळते, हा शोध मुलांना पहिल्या वर्षीच लागला होता. माउस तिघांतल्या एकाकडे असे; त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याला तो चांगला चालवता येई म्हणून नव्हे, तो प्रयोगशाळेत पळत येई म्हणून.

"ताई, आता काय?"

"बाहेरचा व्हॉल्व्ह बंद कर. मग मोटर लाव. आता उघड... अरे, हळू!"

"उघडतोय ना, ओरडतेस काय?"

मागून खेळणं ताईला नवं नव्हतं. घरी व्हिडिओ गेमचा रिमोट धाकट्या भावाच्या हातात असे आणि ही सोफ्याच्या पाठीवर हनुवटी टेकून 'डावीकडे, डावीकडे' करत असे. आई कौतुकाने म्हणे, "दोघं किती छान खेळतात!"

सत्राच्या मध्यावर गुण लागले. वरच्या नावांत एकही मुलगी नव्हती. विभागप्रमुखांनी समिती नेमली. समितीने प्रयोगशाळेत न डोकावता निष्कर्ष काढला, की मुलींना खेळातून शिकणं मानवत नाही. तरी त्यांच्यासाठी वेगळी, सौम्य आवृत्ती करावी. पंपघराऐवजी बागेतलं कारंजं. घरं बुडणार नाहीत, फार तर फुलं कोमेजतील.

ताई सरांकडे गेली. "सर, कारंजं नको. खुर्ची हवी."

"खुर्ची कुणी अडवलीय तुझी?"

"कुणीच नाही. म्हणून तक्रार तरी कुणाची करू?"

"कॅप्टनला सांग की. चांगला मुलगा आहे."

"चांगलाच आहे, सर. दर वेळी थँक्यू ताई म्हणतो."

सर हसले. मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं. पण केलं काहीच नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नावं पाठवायची होती. कॅप्टन चौथा होता. जागा पक्की करावी म्हणून तो पुन्हा खेळायला बसला. ताई मागे उभी राहिली आणि गप्प राहिली. पाणी चढलं. पहिली घरं गेली.

"ताई, बोल ना! झोपलीस का?"

"ऊठ."

"आं?"

"ऊठ म्हटलं. माझ्या नावाने उघडायचाय खेळ."

कॅप्टनने यादीसाठी थांबलेल्या सरांकडे पाहिलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "अरे, ऊठ की," शेवटी ते म्हणाले, जणू हे आपल्याला आत्ताच सुचलं.

ताई बसली. तिला सगळं ठाऊक होतं; हाताला काहीच ठाऊक नव्हतं. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, भार वाढून मोटर बंद पडली, घरं गेली.

"असं नसतं करायचं, ताई! हळू!" मागून कॅप्टन.

तिचे कान तापले. मागेच बरं होतं, असं क्षणभर वाटलं. मागे उभं राहणाऱ्याच्या हातून कधी चूक होत नाही. त्याला गुण नसतात, पण त्याची घरंही बुडत नाहीत. कॅप्टनने सत्रभरात अख्खं शहर अनेकदा बुडवलं होतं आणि दर बुडण्यागणिक त्याचा हात सुधारला होता. कुणी त्याला कारंजं देऊ केलं नव्हतं.

तिने पुन्हा बुडवलं. मग पुन्हा. शिपाईमामांनी दारात किल्ल्या वाजवल्या. "थांबा जरा, मामा," सर म्हणाले.

मग कधीतरी बोट सावकाश सरकलं. मोटरचा काटा थरथरून जागेवर स्थिरावला. पाणी उतरू लागलं. यादीत ताईचं नाव चौथं झालं, कॅप्टनचं पाचवं.

"हे बरोबर नाही," कॅप्टन म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, आहे बरोबर." पडद्याकडे बघत तो तसाच मागे उभा राहिला. "पण एक सांग, व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर का लावायची? पाणी जाणार कुठून?"

सत्रभर चौथा असलेल्या मुलाचा हा प्रश्न ऐकून सर जवळच्या स्टुलावर बसले.

"बंद असला की मोटरवर भार कमी पडतो. हळूहळू उघडला की भारही हळूहळू चढतो," ताई म्हणाली.

"अच्छा! मग आधी कधी सांगितलं नाहीस ते?"

"विचारलंस कधी? तू 'आता काय' एवढंच विचारायचास."

सरांनी नावं पाठवली. चौथं ताईचं. शिपाईमामांनी दिवे घालवायला सुरुवात केली.

"तुझं तर झालं," कॅप्टन म्हणाला. "दे आता. समजलंय तर एकदा करून बघतो."

"थांब," ताई म्हणाली. माउस तिने सोडला नव्हता. "अजून एकदा मी."