पांढऱ्या रेघेपुढे

"रेघेच्या पुढे राहा, डेसमंड," हातातल्या लोखंडी हँडलने भिंतीकडे खूण करत बेरिलने लॉकच्या काठावरून बजावले. नावेच्या शेपटाकडे सुकाणू धरून उभ्या असलेल्या नवऱ्याने मान डोलावली.

लॉक म्हणजे कालव्यात नावा वरखाली नेणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यातले पाणी उतरू लागले की मागच्या दरवाज्याचा दगडी उंबरा उघडा पडतो. शेपूट त्यावर अडकले की नाक खाली जाते आणि नाव बघता बघता बुडते. त्यासाठीच भिंतीवर पांढरी रेघ असते. दर उन्हाळ्यात सुट्टीला नाव भाड्याने घेणाऱ्या या जोडप्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कालव्यावरची रीतही ठरलेली: नवरा चहाचा मग घेऊन सुकाणूवर, बायको दरवाज्यांवर. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसलेल्या बेरिलला दरवाजे म्हणजे किस झाड की पत्ती.

यंदा मात्र लेक आडवी आली होती. बाबांनी परवा विजेच्या किटलीत पाण्याऐवजी दूध ओतलं, त्यांच्या हाती नाव कशी देतेस, म्हणाली. बेरिलने तिला उडवून लावले. डेसमंड नावगाव विसरेल, पण नाव चालवणे विसरणार नाही, यावर तिचा विश्वास होता.

तिने हँडल फिरवून पुढच्या दरवाज्यातल्या पाणी सोडायच्या झडपा उघडल्या. पाणी उतरू लागले आणि नाव हळूच मागे सरकली.

"पुढे घे."

डेसमंडने वर पाहिले. एखाद्या अनोळखी बाईकडे पाहून हसावे तसा तो हसला. सुकाणूवर त्याचा हात नव्हता. शेपूट दगडावर करकरले, नाक खाली झुकले, आत कपबश्या फुटल्या.

बेरिलने हँडल झडपेला लावले. मागे थांबलेल्या दुसऱ्या नावेतला एक गृहस्थ धावत आला आणि डेसमंडकडे उडी घ्यायला निघाला.

"उडी नको. पलीकडची झडप पाडा, पाणी थांबवा," तिने दरडावले. "डेसमंड, कठडा घट्ट धर."

आपल्या बाजूची झडप पाडून ती मागच्या दरवाज्याकडे गेली आणि तिथली झडप जराशी उघडली. पाणी सावकाश चढले. नाव दगडावरून सुटून सरळ झाली.

नाव काठाशी घेऊन तिने डेसमंडला हात देऊन वर काढले. त्याला आता सगळे समजत होते, तेच वाईट होते.

"माझी कंबर धरलीय. सुकाणू मी घेते, दरवाजे तू बघ."

"तुझ्या कमरेला काही झालेलं नाही, बेरिल."

"नाही झालेलं."

त्याने तिच्या हातातले हँडल घेतले. तिने नावेत उतरून सुकाणू धरले. डेसमंडवर लक्ष ठेवा, असे त्या गृहस्थाला तिने नजरेने विनवले, तशी त्यानेही समजून मान हलवली.

दुसऱ्यांदा पाणी उतरले तेव्हा नाव रेघेच्या चांगली पुढे होती. डेसमंडने दरवाज्याच्या लांब दांड्याला पाठ लावून ढकलले, पुढचा दरवाजा उघडू लागला.

"कॅप्टन कोण तुमच्यात?" गृहस्थाने काहीतरी बोलायचे म्हणून विचारले.

"ती," डेसमंड ठणठणीत आवाजात म्हणाला. "दरवाजे माझ्याकडे आहेत."

बेरिलने नाव बाहेर काढली आणि मागे वळून पाहिले. दरवाजा केव्हाच पुरता उघडला होता. डेसमंड दांड्याला पाठ लावून, पाय रोवून, अजून ढकलतच होता.