वटारच्या शाळेतला चार नंबरचा टॅब

मी वटारच्या मराठी शाळेतला चार नंबरचा टॅब बोलतोय. नंबर माझ्या पाठीवर चिकटवलेला आहे, निळ्या रबरी कव्हरच्या वर. कव्हराचा एक कोपरा मुलांनी चावून चावून पांढरा केलाय.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते खोकं उघडल्यावर दिसलेलं पहिलं माणूस. डोळ्यांवर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोटांना खडूची पूड. ह्या संपदाबाई, तिसरीच्या वर्गशिक्षिका. राहायला विरारला, चंदनसारला. तिथून रोज बस बदलून आगाशीमार्गे शाळेत यायच्या. एका संस्थेने शाळेला सहा टॅब दिले होते, त्यातला मी एक. बाईंनी मला हातात घेतलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "चला, आता वाचायला शिकवू या."

मुख्याध्यापक श्रीरंग गुरुजींना मी तितकासा आवडलो नव्हतो. "फळा काय वाईट आहे?" असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. पण दसऱ्याला त्यांनीच खडूच्या डब्याशेजारी मला मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. हळद माझ्या चार्जिंगच्या भोकात गेली. बाई टूथपिकने ती काढत बसल्या आणि गुरुजी अपराधी चेहऱ्याने शेजारी उभे राहिले.

मुलांचं मला फार कौतुक. हातांना बोरांचा, चिंचेचा वास. पान उलटायला बोट आधी जिभेला लावायची, मग मला. माझ्या काचेवर श्वास सोडून त्यावर नाव लिहायची. मला ते सगळं आवडायचं.

माझ्यात वाचनाचं एक अॅप होतं. मुलाने माझ्यासमोर धडा मोठ्याने वाचायचा, मी ऐकायचं. बरोबर शब्द हिरवा, चुकलेला लाल. शेवटी मी तारे द्यायचो आणि कोण कुठल्या पातळीवर आहे त्याचा अहवाल बनवायचो. कौस्तुभ नावाच्या मुलाला पहिल्याच दिवशी पाच तारे मिळाले. मला वाटलं, काय सोपं काम आहे हे!

मग ब्रिटनी आली.

ब्रिटनी समुद्राकडच्या वाडीतली. वडील होडीवर, आई जीना आगाशीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिने मला मांडीवर घेतलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "रानीने विहिरीतून पानी आनले."

मी 'राणी' लाल केलं, 'पाणी' लाल केलं, 'आणले' लाल केलं. आणि माझ्या तोंडून अॅपमधल्या बाईचा गोड आवाज निघाला, "पुन्हा प्रयत्न करा."

ब्रिटनीने पुन्हा वाचलं. अगदी तसंच. तिच्या कानाला ते बरोबर होतं, घरी सगळे तसंच बोलायचे. मी पुन्हा तेच बोललो. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी वर्ग हसायला लागला होता. मधल्या सुट्टीत ती नळावर पाणी प्यायला गेली, तर कौस्तुभ मागून माझ्यासारखा आवाज काढून म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा!" दोन दिवसांत सगळ्या शाळेत तिचं तेच नाव पडलं.

त्यानंतर ब्रिटनी माझ्यासमोर बसायची, पण तोंड उघडायची नाही. मी अहवालात लिहायचो : प्रतिसाद नाही. महिनाअखेर मी तिला सगळ्यात खालच्या पातळीवर टाकलं. तीस मुलांचा वर्ग, वर दहा तक्ते भरायचे, बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. वाचनाच्या तासाला ब्रिटनी पहिलीच्या मुलांत बसायला लागली. अ, आ, इ गिरवणाऱ्या त्या चिमुरड्यांमध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. ते दोन महिने आठवले की आजही माझी काच तापते.

शाळेत वीज बेभरवशाची, म्हणून बाई अधूनमधून मला चार्जिंगला घरी न्यायच्या. एका शनिवारी मी असाच त्यांच्या पिशवीत होतो, कॅमेऱ्याचा कोपरा तेवढा बाहेर. त्या आगाशीला उतरल्या. बाईंचं माहेर देवगडकडचं, शनिवारी मासळी घेतल्याशिवाय त्यांचा पाय घराकडे वळायचा नाही. बाजारात सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा वास, पलीकडे विड्याच्या पानांचे ढीग, मग ओली जमीन आणि मासळीवाल्यांची रांग. तिथे मला एक आवाज ऐकू आला. मोबाईलवर आलेला एका गिऱ्हाईकबाईचा निरोप कुणीतरी मोठ्याने वाचत होतं.

"जीनाताई, उद्या पाहुने येनार आहेत. जेवनाला सुरमईचे आठ तुकडे ठेवा. जाड नकोत. आनि मागच्या वेळी कोलंबी बारीक होती हां!"

वाचणारी शेवटच्या वाक्याला नाकातून बोलली, बहुधा ती गिऱ्हाईकबाई तशी बोलत असावी. आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. लगेच दुसरा निरोप, मग तिसरा. कुठेही अडखळणं नाही. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नाला आवाज चढवत होती.

पिशवीतूनही मी तो आवाज ओळखला.

बाई बर्फाच्या खोक्यामागे थबकल्या होत्या. जीनाचं लक्ष गेलं. "अगो बाई! बाई तुमी? या, या. बोंबील ताजे हायेत."

ब्रिटनीने मोबाईल झटकन परकराखाली लपवला.

"जीनाताई," बाई म्हणाल्या, "हे निरोप रोज ही वाचते?"

"मग कोन वाचल? मी दुसरीतना शाला सोरली. मना दोन अक्षरां जुलत नाय. ही बसली का माजी कालजी नाय." मग तिचा आवाज उतरला. "पन बाई, शालेत तिला पयलीत बसवली म्हनं. रोज रडत येते. घरी एवरी वाचते, तुमच्याकरं काय होते तिला?"

बाईंनी बोंबील घेतले, पण सुटे परत घ्यायचे विसरल्या, ब्रिटनी मागून धावत येऊन देऊन गेली.

बसमध्ये बाईंनी मला बाहेर काढलं आणि इअरफोन लावला. लाल-हिरव्या खुणा त्यांनी अनेकदा पाहिल्या होत्या, पण माझ्यात मुलांचे आवाजही साठलेले असतात, ते त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ब्रिटनीचं ते सात वेळचं वाचन ऐकलं. पहिलं खणखणीत होतं. सातवं ऐकताना त्यांनी इअरफोन काढून मला उलटं मांडीवर ठेवलं.

सोमवारी त्या पहिलीच्या रांगेत जाऊन ब्रिटनीसमोर उकिडव्या बसल्या. "ब्रिटनी, माझं चुकलं. तुला वाचता येतं. चल, आपल्या जागेवर बस."

ती जागेवर गेली. पण बाईंनी मला पुढे केलं तशी तिने हात मागे घेतले. "मना नाय वाचाचा याच्यात."

"नको वाचूस. त्याला ऐकायला लाव. आईची एखादी गोष्ट यात भरून आण. नुसती गोष्ट. हा काही बोलणार नाही, त्याचं तोंड मी बंद केलंय."

खरंच, बाईंनी ते अॅपच बंद केलं होतं. पण टॅब मुलाच्या घरी द्यायचा नियम नव्हता. श्रीरंग गुरुजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, हा फुटला तर?" बाईंनी त्यांना बाजारातली हकिकत सांगितली. गुरुजींनी टॅबची नोंदवही ओढली आणि माझ्या नंबरापुढे स्वतःची सही केली. "फुटला तर माझ्या हातून फुटला म्हणून सांगा."

संध्याकाळी मी ब्रिटनीच्या घरी ओट्यावर होतो. जीनाने मला हात लावण्याआधी तीनदा लिंबू चोळून हात धुतले. ब्रिटनीने बटण दाबलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मी गप्प होतो. मग जीना बोलायला लागली.

पंधरा वर्षांची असताना मावशीने तिला पहिल्यांदा एकटीला बाजारात बसवलं, त्या दिवसाची ती गोष्ट होती. समोर पाटीभर बांगडे, पण ओरडायला तोंडच उघडेना. दुपार झाली, मासळी मऊ पडायला लागली. तेवढ्यात एका मांजराने पाटीतला बांगडा उचलला. "तशी मी जी वरडली, 'ठेव मेल्या, तुज्या बापाचा हाय काय!' तं सगला बाजार वलून बघाला लागला. मांजरानं बांगडा टाकला. मंग गिऱ्हाईक आला. संध्याकाली पाटी रिकामी."

ब्रिटनी हसून हसून आडवी झाली. तिने हे कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे चार दिवस ब्रिटनी ती गोष्ट लिहीत होती. मला थोडं वाजवायचं, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा वाजवायचं. इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली. "बाई, आई 'कोन' बोलते. मी 'कोण' लिहू का 'कोन'?"

"आई बोलते ते अवतरणचिन्हात लिही, जसंच्या तसं. तू सांगतेस ते बाहेर लिही, पुस्तकात असतं तसं."

"मग आईचा चूक नाय?"

"नाही गं. ती तिची बोली आहे. पुस्तकाची भाषा आपण शाळेत आणखी एक शिकतोय."

ब्रिटनीने खोडरबर ठेवून दिलं. तिच्या वहीत 'पाणी' मधला ण मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला, पोट जरा जास्तच फुगलेला. आता तो का लिहायचा ते तिला कळलं होतं.

बाईंनी मग सगळ्या वर्गालाच कामाला लावलं. कुणी आजोबांची केळीच्या वाडीतली गोष्ट आणली, कुणी रिक्षावाल्या काकांची. मुलांनी चित्रं काढली, मी त्यांचे फोटो घेतले, खाली मजकूर आणि सोबत आवाज. असं एक बोलणारं पुस्तक माझ्या पोटात तयार झालं.

पालकसभेच्या दिवशी ते वाचून दाखवायचं ठरलं. ब्रिटनीची पाळी आली. समोर सगळी शाळा, पालक, मागे भिंतीला टेकून जीना, पदराचं टोक दातांत धरलेली. ब्रिटनीने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या अंगठ्यांना घाम आला होता, मला कळत होतं. सुरुवात इतकी हळू झाली की पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही. मग मांजर आलं. "ठेव मेल्या, तुज्या बापाचा हाय काय!"

सगळे हसले.

ब्रिटनी थांबली. मला वाटलं, संपलं. ती खाली मान घालून उभी राहिली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. तेवढ्यात समोर बसलेला कौस्तुभ गुडघ्यांवर उभा राहून म्हणाला, "अगं, पुढे काय झालं? मांजराने टाकला का बांगडा?"

ब्रिटनीने वर पाहिलं. लोक अजून हसत होते, पण तिची वाट बघत होते. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. तिने श्वास घेतला आणि उरलेली गोष्ट बाजारातल्या आवाजात वाचली. ती संपली तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या श्रीरंग गुरुजींच्या होत्या.

बाईंनी वरच्या कार्यालयाला जाणाऱ्या महिन्याच्या अहवालात शेरा लिहिला : मूल उत्तम वाचते, यंत्राला त्याची बोली कळत नाही. वरून उत्तर आलं, असा शेरा नोंदवायची सोय नाही. पुढच्या महिन्यात बाईंनी तोच शेरा पुन्हा लिहिला. त्या तो दर महिन्याला लिहीत राहिल्या.

ब्रिटनीची पाचवी झाली. गुरुजी निवृत्त झाले. शाळेत नवे, चपळ टॅब आले. माझी काच तडकली आहे, वायर काढली की अर्ध्या तासात डोळे मिटतात. मुलांचं पुस्तक बाईंनी काल नव्या टॅबमध्ये उतरवून घेतलं, त्यामुळे त्याची काळजी नाही. उद्या मला पूर्ण कोरं करून, नवी बॅटरी घालून दुसऱ्या एका शाळेत पाठवणार आहेत. कुठल्या, ते मला सांगितलेलं नाही.

कोरं झाल्यावर मला ब्रिटनी आठवणार नाही. ते अॅप पुन्हा माझ्यात घालतील, आणि तिथेही कुणीतरी तिच्यासारखं माझ्यासमोर येऊन बसेल, घरची भाषा तोंडात घेऊन. मी पुन्हा त्याचे शब्द लाल करीन. मुद्दाम नाही, मला दुसरं येतच नाही. म्हणून हे सगळं आज तुम्हाला सांगून ठेवलं. तुम्ही त्या शाळेतल्या बाई असाल, गुरुजी असाल, तर एवढं करा : माझा निकाल वाचण्याआधी कानाला इअरफोन लावा आणि ते मूल काय म्हणतंय ते एकदा स्वतः ऐका.