धाकटीचं घर

थोरलीने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उगाच उभी राहिली.

"जाऊबाई, चहा निवतोय," बाहेरून धाकटीची हाक आली.

"आले गं."

खोली एकच होती, पण खिडकी मोठी होती. ओट्यावर धाकटीने कप पालथे घातले होते. भिंतीला कुठे ओल नव्हती. थोरलीने कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून पाहिलं, आणि बोट कोरडंच राहिलं तेव्हा तिला आनंद झाला नाही.

दोघी एकाच घरात नांदलेल्या. इमारत धोकादायक ठरवून पालिकेने ती रिकामी केली, तेव्हा दोघींनाही एकाच निवाऱ्यात आणून टाकलं होतं. जुनं गोदाम होतं ते. प्लायवूडचे आडोसे, बाहेर सामाईक संडास, पाण्याला रांग. 'तात्पुरतं' म्हणाले होते. थोरली रोज डोळे फुटेपर्यंत शाळेच्या गणवेशांची काज-बटणं करी, आणि आडोशापलीकडचा प्रत्येक खोकला ऐके. तिच्या नवऱ्याचा दमा त्या ओलीत दुप्पट झाला होता.

धाकटीला तिच्या नवऱ्याने कधीच टाकलेलं. ती इस्पितळात आया होती, एकटी, आणि तोंडाने फटकळ. सुट्टी मिळाली की पालिकेत जाऊन भांडायची. थोरली म्हणायची, असं ओरडून कुणी घर देतं का? पण धाकटीला दिलं, ही खोली. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, ते असं.

"तुमचंही होईल, जाऊबाई," चहा ओतताना धाकटी म्हणाली. "मागे लागावं लागतं. चला, मी येते बरोबर."

"बघू," थोरली म्हणाली. चहाला साखर बरोबर होती. तेही तिला खुपलं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच पालिकेत गेली. तक्रारीच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता. नवऱ्याचा दमा सांगायचा, ओल सांगायची, असं तिने वाटेत घोकलं होतं. तोंडातून निघालं वेगळंच.

"ज्यांना गरज नाही त्यांना घरं देता तुम्ही. माझ्या धाकट्या जावेच्या खोलीला कायम कुलूप असतं. ती राहते भावाकडे."

कुलूप खरं होतं. भाऊ मात्र परगावी होता, आणि दोघांत बोलणंही नव्हतं.

"मग ती खोली आम्हाला मिळेल?" तिने विचारलं.

"ते वेगळं खातं," कारकून म्हणाला.

तपासणीला माणूस आला तेव्हा धाकटी इस्पितळात जोडपाळीवर होती, सलग दोन पाळ्या. पुन्हा आला तेव्हाही. कुलूप पाहून त्याने खोली काढून घेतली, आणि एका संध्याकाळी धाकटी वळकटी काखेत घेऊन गोदामात परत आली. थोरलीने न सांगता आपली ट्रंक सरकवून तिला जागा करून दिली.

"कुणी तरी कागाळी केली," धाकटी म्हणाली. "माझ्या वाईटावर कोण असेल हो?"

थोरली दोरा ओवत होती. सुईचं नेढं सापडेना.

"लोकांच्या पोटात दुखतं," ती म्हणाली.

त्या खोलीत कोण राहायला आलं? कुणीच नाही. पालिकेने आपलं कुलूप लावलं, एवढंच. थोरलीला वाटलं होतं, धाकटी खाली आली की छातीतली आग विझेल. आग विझली होती खरी, पण जेवण जात नव्हतं.

"जाऊबाई, उद्या माझ्याबरोबर या," धाकटी म्हणाली. "घरच्या मोठ्या माणसाने सांगितलं की ही तिथंच राहत होती, तर ऐकतील. मी बोलले की भांडकुदळ ठरते."

दुसऱ्या दिवशी दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. धाकटीने तिच्या दंडाला धरलं होतं, गर्दीत हात सुटू नये तसं. कारकुनाने मान वर केली. थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग परत थोरलीकडे. चष्मा काढून पुसला.

"बोला. तक्रार कुणाच्या नावावर घेऊ?"

"माझ्या," थोरली म्हणाली. खिडकीजवळ वाकून तिने पुन्हा सांगितलं. "माझ्याच. मागचीही माझीच होती. ती खोटी होती, आधी ते लिहा."

दंडावरची बोटं सैल झाली. थोरलीने वळून पाहिलं नाही. कारकुनाचं पेन चालू होतं, मागचे लोक घाई करत होते, आणि तो हात अजून तिथेच होता. धरलेला नाही, नुसता ठेवलेला.